सासुरवाडीचं बाथरूम

"हे सगळं उकरावं लागेल," मी म्हणालो आणि टेप गुंडाळली.

कुणी काहीच बोललं नाही.

पेणमध्ये सव्वीस वर्षं मी बांधकामाची लहान कामं घेतोय. त्यातली निम्मी बाथरूमची. 'सगळं उकरावं लागेल' हे ऐकून गप्प बसलेलं गिऱ्हाईक माझ्या बघण्यात नाही. कुणी म्हणतं, "लादीवर लादी नाही का बसत?" कुणी म्हणतं, "शेजाऱ्यांचं तर अर्ध्यात झालं." एका बाईंनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "एवढ्यानेही तुमचं पोट भरत नाही का?" अशी कटकट सुरू झाली की मी निर्धास्त होतो. काम रुळावर आलं असं समजतो.

इथे मात्र अण्णांनी मान हलवली. "तुम्ही म्हणाल तसं, सुधीरराव."

नितीन म्हणाला, "भावोजी सांगतायत म्हणजे झालं."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण जावयाला सासुरवाडीत संशय येत नाही. तिथे त्याला फक्त भूक लागते.

घर रोह्यातलं, एका अरुंद आळीत. अण्णा माझे सासरे, धाटावच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. नितीन त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा. तोही धाटावलाच दुसऱ्या कंपनीत शिफ्टला जातो. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मुख्य व्यक्ती, माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो, त्या दिवशी तिथे नव्हत्या. त्या पेणला माझ्या घरी हॉलमधल्या दिवाणावर होत्या.

पंधरा दिवसांपूर्वी याच न्हाणीत त्या घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन चाला, उकिडवं बसायचं नाही, पायऱ्या नकोत. रोह्याच्या घरी संडास परसात, चार पायऱ्या उतरून, आणि तोही उकिडवं बसायचा. न्हाणीत गुळगुळीत झालेला दगड. तिथे त्यांना नेणं म्हणजे दुसऱ्या खुब्याची तयारी करणं. म्हणून ठरलं की आई तीन आठवडे पेणला राहतील आणि तेवढ्यात मी न्हाणीचं बाथरूम करीन. कमोड आत येईल, पायरी नसेल, धरायला बार असेल.

आता बाथरूमवाल्याचं स्वतःचं बाथरूम म्हणजे काय थाट असेल असं कुणालाही वाटेल. माझ्या बाथरूमच्या दारात आठ इंचांची पायरी आहे. काही वर्षांपूर्वी हौसेने मी कमोड एका भिंतीवरून दुसरीकडे नेला. कमोडचा पाइप चार इंची असतो आणि त्याला उतार लागतो, नाहीतर आतला माल पुढे सरकत नाही. पाइप लांबला की उतार वाढतो. बाहेरचं चेंबर, म्हणजे पाइप जिथे जाऊन पडतो तो खड्डा, जर उथळ असेल तर उतारासाठी बाथरूमची जमीनच वर उचलावी लागते. मी उचलली. पाहुणे अजून ठेचकाळतात. मी त्यांना 'बघून' म्हणतो.

तर त्या पायरीवरून आईंचा वॉकर चढेना. माझी बायको मनीषा त्यांना मागच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालायची. दोन जुन्या साड्यांचा पडदा बांधला होता. बाहेर शेजारच्यांची भांडी वाजायची, कुणी हाक मारायचं.

"आई काही बोलतात का?" मी एकदा विचारलं.

"बोलत नाही. आंघोळ होईस्तोवर डोळे मिटून बसते," मनीषा म्हणाली. "साबण लावायला घेतला की म्हणते, 'मनू, पुरे गो, झालं.' काल विचारत होती, न्हाणी कधी होतेय. 'मला माझी मी आंघोळ करायची हाय, बाकी काय नको.' अहो, तीन आठवडे म्हणजे तीनच करा. तुमचे आठवडे नकोत."

माझे आठवडे घरात प्रसिद्ध आहेत.

बाथरूमला खर्च किती येईल, असा फोन मला रोज येतो. लोकांना वाटतं, बाथरूम लहान म्हणजे खर्च लहान. तसं नसतं. चार बाय पाच फुटांतही नळ तेवढेच, कमोड तेवढाच, मिस्त्रीचे दिवस जवळजवळ तेवढेच. लादी स्वस्त घेतली म्हणून फार फरक पडत नाही, लादी मोठी घेतली तर पडतो. मोठी लादी लहान खोलीत बसवायची म्हणजे कापायची, आणि कापलेली अर्धी फेकायची. मिस्त्री कापण्याचेही पैसे लावतो, फेकण्याचं दुःख आपलं आपण करायचं. खरा खर्च दिसत नाही तिथे असतो. भिंतीतले जुने लोखंडी पाइप फोडल्यावर कळतात. गळती थांबवायचा थर लादीच्या खाली जातो, तो पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून लोक नेमका तिथेच हात आखडतात. शिवाय रस्ता. रोह्याच्या त्या आळीत टेम्पो शिरत नाही. फोडलेलं सगळं गोणीत भरून डोक्यावरून कोपऱ्यापर्यंत न्यायचं आणि तेवढंच सिमेंट-वाळू परत आत आणायचं. खांद्यांचे पैसे एस्टिमेटमध्ये वेगळे लिहावे लागतात.

हे सगळं मी अण्णांना पहिल्याच दिवशी समजावलं. कागदावर चित्र काढून. कमोडच्या खाली पाइप वाकवलेला का असतो, त्या वाकात पाणी का साठतं, त्या पाण्यामुळे गटाराचा वास वर का येत नाही. उतार किती लागतो. अण्णांनी चष्मा लावून सगळं ऐकलं.

"असं व्हय," ते म्हणाले.

एस्टिमेट एक लाख वीस हजारांचं झालं, माझी मजुरी न धरता. नितीनने तेवढे बाजूला ठेवले होते. कुणी घासाघीस केली नाही. कुणी लादीचा रंग बदलायला सांगितला नाही. मी पांढरी म्हटलं, पांढरी. खरखरीत, घसरणार नाही अशी. सगळ्यांनी मान हलवली.

मिस्त्री माझा नेहमीचा पांडू, कासूचा. सकाळच्या गाडीने रोह्याला उतरायचा. हात सोन्यासारखा, तोंड मात्र तिखट. माझ्या साइटवर मला वेड्यात काढायचा अधिकार त्याने स्वतःच घेतलाय. इथे मात्र तोही गप्प. दोन वेळच्या चहाबरोबर त्याला घावन मिळायचं, त्याचा परिणाम असावा असं मी धरलं.

अण्णा दिवसातून चार वेळा न्हाणीच्या दारात यायचे. भिंतीला हात टेकून उभे राहायचे. आत बघायचे. घसा खाकरायचे.

"काही म्हणत होता, अण्णा?"

"नाय. चहा टाकू का, विचारत होतो."

चार वेळा चहा. मला वाटायचं, किती जीव आहे या माणसाचा माझ्यावर.

खोली पाच बाय सातची. दारातून आत गेलं की समोरच्या डाव्या कोपऱ्यात कमोड, तोंड दाराकडे. त्यावर बसलं की बाजूची भिंत उजव्या हाताला येते. त्या भिंतीवर मी स्टीलचा बार लावला. उजव्या हाताने धरायचं, उठायचं. डाव्या बाजूला मोकळी जागा, तिथे स्टुलावर बसून आंघोळ. बाहेरचं चेंबर समोरच्याच भिंतीमागे, त्यामुळे पाइप आखूड. दारात पायरी नाही. लादीखालच्या थरावर दोन दिवस पाणी भरून ठेवलं, थेंब झिरपला नाही. सगळं वेळेत. उरलेली लादीची पेटी मी दुकानात परत पाठवली आणि नितीनचे पैसे वाचवले. मला स्वतःचाच हेवा वाटायला लागला होता.

आई यायला नऊ दिवस उरले होते. त्या दिवशी रोह्यात दुपारी लाइट गेली. ड्रिल चालेना. दरवाजाची कडी लावायची राहिली होती. मी पांडूला लवकर सोडला आणि पेणला घरी आलो. रोज मला साडेसात व्हायचे. त्या दिवशी चार वाजता दारात चपला काढल्या.

आई दिवाणावर टेकून बसून लसूण सोलत होत्या. डाव्या हाताने. नखाने सर्रकन साल काढून पाकळी वाटीत. उजवा हात मांडीवर ठेवलेला, नुसता. मनीषाने चहा आणला, तो त्यांनी डाव्या हातात घेतला. मग त्यांना मी दिसलो.

त्यांनी पदर सावरला आणि कप डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. तो हात छातीपर्यंतही नीट येईना. कप थरथरला. चहा बशीत सांडला, थोडा चादरीवर.

"राहू द्या, आई," मी म्हणालो.

"सवय हाय," त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

मी स्वयंपाकघरात मनीषाच्या मागे गेलो. "आईंच्या उजव्या हाताला काय झालंय? पडल्यावर लागलं का?"

"पडल्यावर कुठे? खांदा धरलाय तिचा. दहा वर्षं होतील. वर जात नाही, जोर लागत नाही. सगळं डाव्यानेच करते."

"मला वाढतात त्या उजव्या हाताने."

"तुम्हाला वाढतेच." तिने ओट्यावरचं फडकं पिळलं. "जावयाला डाव्या हाताने वाढायचं का? तुम्ही जेवून उठलात की खांदा शेकत बसते. वर म्हणते, 'ह्यांना सांगायचं नाय हां.'"

मी तिथल्या डब्यावर बसलो. चोवीस वर्षं मी त्या घरी जेवलो. 'आणखी एक पोळी' या तीन शब्दांपलीकडे फारसं बोललो नाही. परक्या घरची म्हातारी माणसं असली की पहिल्याच भेटीत मी त्यांना खुर्चीवर बसवतो आणि सांगतो, आता उठा बघू. कुठल्या हाताने टेकतात, कुठला पाय आधी टाकतात, ते बघून मग बार लावतो. हा माझाच नियम आहे. पण सासूबाईंना विचारायचं कसं, की तुम्ही कमोडवरून कशा उठता? शब्द सुचले नव्हते. आणि पुन्हा, त्या माझ्याच घरी होत्या. रोज. हॉलमध्ये.

"मनीषा," मी म्हणालो, "बार उजवीकडे लावलाय."

तिने फडकं खाली ठेवलं. "मग ती उठणार कशी?"

"हे तुला माहीत होतं तर मला सांगायचं नाही का?"

"मला काय माहीत तुम्ही बार कुठे लावताय ते. तुम्ही विचारलंत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोह्याला गेलो तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते. पांडू आत सामान काढत होता. मी सरळ विचारलं, "अण्णा, आईंच्या खांद्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. संसार केलाय तिच्याबरोबर."

"मग बार लावताना बोलला का नाहीत?"

अण्णांनी घसा खाकरला. "आलो होतो दारात. चार दिवस येत होतो. म्हटलं, तुम्ही एवढं मापून-बिपून करताय. ह्या धंद्यातले तुम्ही. जावयाला कसं सांगायचं, चुकताय म्हणून?"

"म्हणून चहा?"

"मग काय करणार?"

आतून पांडू म्हणाला, "शेठ, मलापण सांगितलं व्हतं त्यांनी. म्हणाले, 'तूच सांग.' मी म्हटलं, जावई तुमचा हाय, तुम्हीच सांगा. मी कशाला दोघांच्या मधी?"

"तू मला रोज दहा वेळा वेड्यात काढतोस."

"तुमच्या साइटवर. सासुरवाडीत नाय काढत. तेवढं कळतं मला."

सगळ्या रोह्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त काँट्रॅक्टरला.

आता मार्ग काय? सोपा मार्ग बाजारात मिळतो. कमोडच्या मागच्या भिंतीवर लावायचा घडीचा बार. हवा तेव्हा खाली पाडायचा, नको तेव्हा वर. मी त्याच दिवशी आणवला. मागच्या भिंतीला लावला. अण्णा, नितीन आणि पांडू बघत होते. मी कमोडवर बसलो, डावा हात बारवर टेकला आणि माझे शहाऐंशी किलो त्याच्यावर सोडले. बार, त्याचे चारही स्क्रू आणि भिंतीचा वीतभर गिलावा माझ्याबरोबर खाली आला.

नितीनने मला हात देऊन उठवलं. "लागलं का, भावोजी?"

"नाही."

"भिंत जुनी हाय," पांडू म्हणाला. एवढंच म्हणाला. त्याला हसू दाबायला जड जात होतं.

घडीचा बार म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला हात. टोकावर वजन पडलं की तो मुळातून उपटायला बघतो. जुनी भिंत ते सहन करत नाही. भिंतीला समांतर, तिला चिकटून जाणारा बार वेगळा. त्याचं वजन भिंतीच्या अंगाने खाली जातं.

म्हणजे डाव्या हाताला भिंत हवी. म्हणजे कमोड डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात न्यायचा. तीन फूट. मी हिशोब मांडायला लागलो. सगळी जमीन फोडायची. पाइप तीन फूट लांबवायचा. उतार आला. चेंबर किती खोल आहे ते बघायचं, नाहीतर जमीन वर, आणि जमीन वर म्हणजे दारात पायरी. पायरी म्हणजे पुन्हा माझं बाथरूम. गळतीचा थर नव्याने. पुन्हा दोन दिवस पाणी भरून ठेवणं. बाथरूममध्ये सगळ्यात महाग काय, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगतो, चालू कामातला बदल. नवीन करायला एक खर्च, आधी केलेलं फोडायला दुसरा, आणि फोडताना शेजारचं बिघडतं त्याचा तिसरा.

"अठरा-वीस दिवस," मी म्हणालो. "आईंना अजून पेणलाच ठेवावं लागेल."

पडवीतला साड्यांचा पडदा डोळ्यांसमोर आला. मी तो विषय तिथेच सोडला.

अण्णा पायरीवरून उठले. माझ्या खिशातली पेन्सिल त्यांनी न विचारता काढून घेतली. हे असं चोवीस वर्षांत प्रथमच झालं. ते आत गेले, कमोडसमोर उभे राहिले आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या लादीवर रेघ मारली.

"हलवायचा कशाला? फिरवा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कोपरा तोच ठेवा. आत्ता पाठ समोरच्या भिंतीला हाय, ती बाजूच्या भिंतीला लावा. मग समोरची भिंत तिच्या डाव्या हाताला येते का नाय?"

मी मनातल्या मनात कमोडवर बसलो, चौथाई वळलो. डाव्या हाताला भिंत होती.

"खालचं भोक सात इंच सरकेल, बस," अण्णा म्हणाले. "तेवढ्याला उतार काय लागतोय? दोन बाय दोन फोडा. आणि बारला स्क्रू नको. भिंत आरपार भोकं पाडा, बाहेरून लोखंडी पट्टी लावा, आतून बोल्ट आवळा. हत्ती लोंबकळला तरी निघायचा नाय."

पांडू माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर हाय."

"अण्णा, हे तुम्हाला कसं सुचलं?"

नितीनने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, अण्णा फिटर होते ना. बत्तीस वर्षं पाइपलाइनच टाकत होते कंपनीत."

मला एवढंच माहीत होतं की अण्णा कंपनीत होते. स्टोअरमध्ये असतील असा माझा समज. पाइपला उतार का लागतो हे मी ज्यांना कागदावर चित्र काढून शिकवलं, त्यांनी बत्तीस वर्षं ॲसिडच्या लाइनी जोडल्या होत्या. आणि ते ऐकून घेत होते. 'असं व्हय' म्हणत.

"तेव्हाच का नाही बोललात?" मी पुन्हा विचारलं, पण या वेळी जोर नव्हता.

"तुम्ही चित्र छान काढलं होतं," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी दुपारी पांडूने छिन्नी लावली. पाच दिवसांपूर्वी स्वतः बसवलेली लादी तो फोडत होता, आणि आता त्याचं तोंड सुटलं होतं. "शेठ, ही पेटी परत कुणी पाठवली? पैसे वाचवले म्हणे." जमिनीच्या सहा लाद्या गेल्या, भिंतीच्या चार. दुकानदाराकडे तीच लादी होती, पण दुसऱ्या लॉटची. लादी भट्टीतून निघते तेव्हा प्रत्येक खेपेला रंगात थोडा फरक पडतो, म्हणून एक पेटी जास्तीची घरात ठेवायची असते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दोन्ही पांढरे शेजारी ठेवले की एक दुधासारखा आणि एक ताकासारखा दिसत होता.

"कोपऱ्यात हाय," पांडू म्हणाला. "कोण बघतंय?"

अण्णांनी बारसाठी लोखंडी पट्टी स्वतः कापून घेतली. बोल्ट त्यांनी आवळले. मला पाना धरायला दिला होता. वरचा खर्च साडेअकरा हजार झाला. मी म्हटलं, माझी चूक, माझा खिसा. नितीन म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाय, म्हणजे या वेळी खरंच."

लादी बसवल्यावर नव्या जोडावर दोन दिवस पाणी भरून ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी ते मी सोडलं. थेंब झिरपला नव्हता. दुपारी मनीषा गाडीने आईंना घेऊन आली.

आईंनी चहा घेतला नाही. वॉकर टेकत त्या थेट बाथरूमपाशी गेल्या. आत डोकावल्या. मनीषा मागोमाग शिरायला लागली तशा त्या वळल्या. "तू कुठं? थांब भायेर."

दार लागलं. कडी लावली नाही, तेवढं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाहेरच्या बोळात आम्ही उभे. अण्णा, नितीन, मनीषा, मी. पांडूचं काम संपलं होतं, तरी तो कासूहून आला होता. म्हणाला, थापी राहिली होती. थापी त्याच्या पिशवीतच होती.

आतून वॉकर सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. अण्णा दाराकडे बघत होते, आत समोरच्या भिंतीत त्यांचे बोल्ट होते. मग फ्लशचा आवाज आला. मनीषाने श्वास सोडला. म्हणजे बसल्या आणि उठल्याही. मग नळ सुटला. बादली भरायला लागली. तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज, एकदा, दोनदा. मग काहीतरी धाडकन पडलं.

मनीषाने दाराला हात घातला.

"तांब्या पडला," आतून आवाज आला. "कुणी आत यायचं नाय."

आम्ही तसेच उभे राहिलो. आई आत काहीतरी पुटपुटत होत्या, रोज आंघोळीला म्हणायचं ते असावं. पाणी पडत राहिलं. नितीनला सेकंड शिफ्टला जायचं होतं, तो घड्याळ बघत होता, पण हलला नाही. अर्धा तास झाला असेल. अण्णा एकदा हळूच म्हणाले, "पाणी लय वापरते ती." त्यांच्या आवाजावरून ते तक्रार करत नव्हते.

दार उघडलं. आई गाऊनमध्ये, केस ओले, कपाळावर कुंकू ताजं. स्टुलावरून उठून, गाऊन घालून, कुंकू लावून, सगळं त्यांनी केलं होतं. वॉकर टेकत त्या हॉलमध्ये खुर्चीत बसल्या. थकल्या होत्या. आम्ही सगळे समोर उभे.

"सुधीरराव," त्या म्हणाल्या, "बसा जरा."

मी बसलो.

"नळ लय उंच लावलाय. पाणी अंगावर उडतं. बादली त्याच्याखाली सरळ ऱ्हात नाय. साबण ठेवायची जागा पाठीमागं केलीय, मी काय पाठीला डोळे घेऊन जाऊ? आणि कोपऱ्यातल्या लाद्या वेगळ्या हायत."

"हो," मी म्हणालो.

"आणि सगळं पांढरं कुणी घ्यायला सांगितलं? ह्या घरात मासे न्हाणीत धुतात. मच्छीचं पाणी दिसेल ना त्याच्यावर."

"आई," मनीषा म्हणाली, "अगं, हे..."

"बोलू दे त्यांना," मी म्हणालो आणि खिशातून पेन काढलं. एकेक लिहून घेतलं. सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तक्रारी मी नाक मुरडून लिहिल्या. ही यादी मी सरळ अक्षरात लिहिली. नळ दोन तासांत खाली आला. साबणाची जागा पांडूने दुसऱ्या दिवशी केली. लादीचं काही करता येण्यासारखं नाही. आई मासे आता परसात, जुन्या दगडावर धुवून घेतात आणि प्रत्येक वेळी ते मला कळेल अशी व्यवस्था करतात.

लोक विचारतात, बाथरूमचा खर्च कशाने वाढतो. मी पूर्वीसारखंच सांगतो. पाइप कुठून कुठे न्यायचा, भिंतीत काय निघतं, लादी केवढी, सामान आणायचा रस्ता कसा. पण माझ्या एस्टिमेटच्या कागदावर लांबी-रुंदीच्या आधी आता एक ओळ आहे. 'वापरणारं माणूस घरात आहे का?' नसेल तर मी टेप काढत नाही, दुसऱ्या दिवशी येतो. आणि घरातले सगळे माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवायला लागले तर एस्टिमेटमध्ये दहा टक्के वाढवतो. कटकट करणारं गिऱ्हाईक स्वस्तात पडतं. त्यालाही आणि मलाही.

गेल्या महिन्यात नितीनचा फोन आला. स्वयंपाकघराचा ओटा बदलायचाय. मी म्हटलं, सासुरवाडीची कामं मी घेत नाही, आणि त्याला रोह्यातल्या दुसऱ्या एका काँट्रॅक्टरचा नंबर दिला. चांगला माणूस आहे, माझ्यापेक्षा वेळ पाळतो. पाच मिनिटांत परत फोन वाजला. या वेळी नितीन नव्हता.

"त्या माणसाला मी ओळखत नाय," आई म्हणाल्या. "त्याला कसं बोलणार? तुम्हीच या. तुम्हाला बोलता येतं आता."

सोमवारी माप घ्यायला जातोय. त्यांनी सांगून ठेवलंय, ओट्यासमोर खुर्ची टाकून त्या आधीपासून बसलेल्या असतील.